बारा फुटांचे मालक

गृहनिर्माण मंडळाच्या भूसंपादन अधिकारी बाईंकडे एक फॉर्म होता आणि त्या फॉर्मात माणसांचे तीनच प्रकार होते: मालक, भाडेकरू आणि अतिक्रमणवाले. मालकाला मोबदला आणि नव्या इमारतीत घर. भाडेकरूला नुसतं घर. अतिक्रमणवाल्याला शहराबाहेरच्या छावणीत एक खोली आणि वर चार उपदेशाचे शब्द. दोन वर्षांत बाईंनी साडेतीनशे माणसं या तीन चौकटींत बसवली होती. कोणी रडत बसलं, कोणी भांडत बसलं, पण बसलं. दादा मात्र कुठल्याच चौकटीत बसेनात.

दादा म्हणजे मोजणी कार्यालयातले निवृत्त साखळीवाले. जमीन मोजायची लोखंडी साखळी खांद्यावर टाकून त्यांनी उभी हयात उन्हातान्हात काढली होती. मोजणी साहेब छत्रीखाली उभे राहून आकडे लिहायचे आणि दादा साखळीचं टोक धरून काट्याकुट्यातून पुढे जायचे. निवृत्त झाल्यावरही चालताना त्यांची मान खाली आणि पावलं एकसारखी. जणू कोणीतरी मागून आकडा विचारणार आहे.

त्यांचं घर बघण्यासारखं होतं. रुंदी बरोबर बारा फूट, आणि खोल्या एकामागोमाग एक अशा चार. पाहुणा शेवटच्या खोलीत जाऊन बसेपर्यंत त्याला घरातल्या सगळ्या भानगडी वाटेतच कळायच्या. मागे अंगण, अंगणात लिंबाचं झाड आणि त्याच्याखाली धुण्याचा मोठा दगड. पूर्वेला विटभट्टीची जमीन, पश्चिमेला तेलगिरणीची. पूर्वी इथे चिटपाखरू फिरकत नसे. मग शहर वाढत वाढत आलं, दारावरून पुढे गेलं आणि जाताना दोन्हीकडच्या जमिनींचे भाव आभाळाला टेकवून गेलं. भट्टीवाला आणि गिरणीवाला, दोघांनी जमिनी मंडळाला दिल्या आणि सुटले. तिथे चारशे ऐंशी कुटुंबांची घरं उभी राहायची होती. पाया खणायला यंत्रं येऊन उभी होती. आणि शेवटची मोजणी करताना मंडळाचा यंत्रवाला, म्हणजे तीन पायांच्या दुर्बिणीतून बघणारा तो पोट सुटलेला गृहस्थ, एकाच जागेभोवती तीन वेळा फिरला आणि घाम पुसत बाईंकडे आला.

"मॅडम, मधली बारा फूट जागा कोणाचीच नाही."

"कोणाचीच नाही म्हणजे काय?"

"भट्टीची हद्द त्या दगडाला संपते. गिरणीची या दगडाला सुरू होते. मध्ये हे घर."

"मग सरकारी असेल."

"सरकारी असती तर सरकारच्या नकाशात असती ना. नकाशात दोन्ही दगड एकच आहेत. जमिनीवर दोन आहेत."

बाईंनी डोक्याला हात लावला. जागा ताब्यात घ्यायची तर देणारा कोणीतरी लागतो. मालकच नाही, तर सही कोणाची घ्यायची? बरं, अतिक्रमण म्हणून घर पाडावं, तर फॉर्मात पुढचा रकाना होता, 'कोणाच्या जागेवर', आणि तो कोरा सोडला की फॉर्म परत येत असे. महिनाअखेरपर्यंत जागा मोकळी झाली नाही तर योजनेचा मंजूर निधी दुसऱ्या शहराला जाणार होता. चारशे ऐंशी कुटुंबं बारा फुटांसाठी खोळंबली होती आणि ते बारा फूट लिंबाखाली निवांत चहा पीत होते.

पहिल्या भेटीत बाईंनी दादांकडे सरळ कागद मागितले. उत्तर आलं ते मावशींकडून. मावशी म्हणजे दादांची बायको. साऱ्या वस्तीची ती मावशी होती. तिचा आवाज चार खोल्या ओलांडून समोरच्या रस्त्यावर ऐकू जायचा.

"कागद कशाला हवेत मॅडम? माझ्या चार बांगड्या मोडून घेतलीय ही जागा. सोन्याच्या. माहेरच्या. विचारा की यांना."

दादांना ठसका लागला. चहा नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आढ्याकडे बघत बसले.

हे वाक्य मावशी गेली कित्येक वर्षं बोलत होती. दूधवाल्याला सांगायची, विजेचा मीटर बघायला येणाऱ्याला सांगायची, एकदा तर चुकून घरात शिरलेल्या अनोळखी माणसाला पाणी देता देता सांगितलं होतं. आणि दरवेळी सांगून झालं की ती ऐकणाऱ्याकडे न बघता दादांकडे बघायची. दादा दरवेळी आढ्याकडे बघायचे. त्या घरातल्या आढ्याची प्रत्येक फळी त्यांना तोंडपाठ होती.

कारण बांगड्या मोडल्याच नव्हत्या. हे गुपित दादांनी बेचाळीस वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि वयाप्रमाणे ते आता पचायला जड जाऊ लागलं होतं.

"पण कागद?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"शोधतो," दादा म्हणाले. नसलेली वस्तू शोधायला माणसाला बराच वेळ मिळतो.

बाई उठताना म्हणाल्या, "दादा, स्पष्ट सांगते. तुम्ही मालक ठरलात तर साठीच्या वरच्यांना तळमजला मिळतो. काहीच ठरला नाहीत तर तुम्हाला द्यायला माझ्याकडे चौकटच नाही. घर तर जाणारच. आज ना उद्या कायदा बदलून नेतील."

तळमजला हा शब्द दादांच्या काळजात रुतून बसला. मावशीचे गुडघे गेले होते. तीन पायऱ्या चढली की चौथीवर थांबून ती पायऱ्या बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. छावणीतल्या खोल्या तर तिसऱ्या मजल्यावर होत्या, आणि त्याही यांना मिळणार नव्हत्या. या वयात हिला घेऊन जायचं कुठे, या विचाराने दादांची झोप उडाली. चूक आपली आणि रस्त्यावर ती, हे त्यांना सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सल्ला द्यायला मेहुणे आले. मावशीचा हा धाकटा भाऊ जन्मभर काही न करता सगळ्यांना काय करावं ते सांगत आला होता. तो दारात दिसताच दादा ताडकन उठले. घरात उशी असलेली खुर्ची एकच होती. ती दादांची होती, पण मेहुणे आले की दादा स्टुलावर. पहिला चहा मेहुण्यांना. पंखा मेहुण्यांकडे. कारण एकवीस वर्षांपूर्वी लेकीला परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवायची वेळ आली तेव्हा सगळे पैसे या मेहुण्यांनी दिले होते. मावशीनेच तसं सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं, "त्याच्यापाशी विषयसुद्धा काढू नका. केलेलं बोलून दाखवलेलं त्याला आवडत नाही." दादा त्या दिवसापासून या माणसासमोर वाकून होते. मेहुण्यांना हा मान कशाबद्दल मिळतो ते कधी कळलं नव्हतं, पण मान मिळत असताना कारण विचारणाऱ्यांपैकी ते नव्हते.

"मंडळाला खेळवा भाओजी," मेहुणे पाय पसरून म्हणाले. "दोन घरं मागा."

"एक मिळायची मारामार आहे."

"म्हणून तर दोन मागायची. थोडी साखर घालायला सांगा हो चहात."

मावशी आतून काहीतरी पुटपुटली. दादांनी साखरेचा डबा स्वतः आणून दिला.

त्या आठवड्यात बाई पुन्हा आल्या, या वेळी एकट्या. मावशी दवाखान्यात गुडघे दाखवायला गेली होती. बाई बाहेरच उभ्या राहिल्या आणि दाराच्या आतल्या बाजूला लटकणाऱ्या एका लोखंडी सळईकडे त्यांचं लक्ष गेलं. फूटभर लांब, दोन्ही टोकं वळवून गोल केलेली. दादा दार लावायला ती आकडा म्हणून वापरत.

"ही मोजणीच्या साखळीची कडी आहे ना? आमच्या कार्यालयात काचेच्या कपाटात एक साखळी ठेवलीय."

दादांनी एकदा कडीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. कागद शोधायचं नाटक महिनाअखेरपर्यंत पुरणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. शिवाय आयुष्यात एवढी मोठी करामत करून ती कोणालाच सांगता आली नव्हती, याचंही थोडं दुःख होतंच.

"बसा मॅडम," ते म्हणाले. "तुमची बारा फूट जागा कुठून आली ते सांगतो."

साखळी शंभर फुटांची असायची, फुटाला एक अशा शंभर कड्या. रस्त्यापासून कालव्यापर्यंत ही सगळी जमीन बाराशे फूट. सरकारने ती मधोमध वाटली, सहा साखळ्या भट्टीवाल्याला आणि सहा गिरणीवाल्याला. मोजणीच्या दिवशी सकाळीच एक कडी तुटली. नवी कडी मागायची तर अर्ज, अर्जाला कारण, कारणाला साक्षीदार आणि शेवटी साहेबांच्या शिव्या. दादांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यांना वेळेवर घरी जायचं होतं. त्यांनी तुटलेली कडी काढून पिशवीत टाकली, शेजारच्या दोन एकमेकींत अडकवल्या आणि कामाला लागले. रस्त्याच्या बाजूने सहा साखळ्या मोजून एक दगड पुरला. जेवण झालं. साहेब झाडाखाली घोरू लागले. दादांनी कालव्याच्या बाजूने सहा साखळ्या मोजून दुसरा दगड पुरला, मान वर केली आणि पाहिलं तर पहिला दगड बारा फूट लांब उभा.

"मग साहेबांना सांगितलं नाहीत?"

"ते झोपले होते. झोपलेल्या साहेबाला उठवायचं नाही, हा कार्यालयाचा पहिला नियम."

"आणि नंतर?"

"नंतर भट्टीवाल्याने त्याच्या दगडाला कुंपण घातलं, गिरणीवाल्याने त्याच्या. मधली जागा दुसऱ्याची, असं दोघांनाही वाटलं. मी रोज येता-जाता बघायचो. कोणीच येत नाही म्हटल्यावर मी आलो."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी रुमाल तोंडाला लावला. "म्हणजे एका दिवसाची चूक."

इथे दादांनी गप्प बसायला हवं होतं. पण माणूस एकदा कबुलीच्या उताराला लागला की पाय थांबत नाहीत.

"एका दिवसाची नाही हो मॅडम. कार्यालयाच्या आवारात दोन दगड होते, बरोबर शंभर फुटांवर. दरवर्षी त्या दगडांना लावून साखळ्या तपासायच्या. ते काम माझ्याकडेच होतं. आमची साखळी एक फूट आखूड भरली असती, म्हणून मी दुपारच्या सुट्टीत पहार घेतली आणि एक दगड फूटभर अलीकडे आणला."

बाईंचा रुमाल खाली आला.

"पुढच्या वर्षी नव्या साखळ्या आल्या," दादा खाली मान घालून सांगत होते. "त्या सगळ्या एक फूट लांब निघाल्या. साहेबांनी कारखान्याला कडक पत्र लिहिलं. कारखान्याने माफी मागितली. मग आम्ही प्रत्येक साखळीची एक एक कडी काढून टाकली."

"हे किती वर्षं चाललं?"

"अकरा. मग पोलादी फिती आल्या, आणि त्या दगडांवर साहेबांनी गाड्यांसाठी शेड बांधली."

त्या अकरा वर्षांत या बाजूचं अर्धं शहर आखलं गेलं होतं. बाईंनी मनातल्या मनात नकाशा उलगडला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाजारपेठ. बस आगार. मंडळाचं स्वतःचं मुख्य कार्यालय. जिथे जिथे दोन बाजूंनी मोजत आले असतील तिथे तिथे मध्ये एक फट, बिनमालकाची.

"कालव्यापलीकडची अधिकाऱ्यांची वसाहत?" त्यांनी हळूच विचारलं.

"सातव्या वर्षी. साखळी मीच ओढली. तुम्ही तिथे राहता?"

"टोकाच्या गल्लीत. तिसरं घर."

दादांनी डोळे मिटून बोटांवर मोजलं. "तुमची भिंत आणि शेजाऱ्यांची भिंत, मध्ये तीन फूट बोळ असेल."

 त्याच तीन फुटांच्या बोळावरून बाई दोन वर्षं शेजाऱ्यांशी कोर्टात भांडत होत्या. बोळ आपलाच आहे याबद्दल दोन्ही घरांची खात्री होती आणि तो दोघांचाही नव्हता.

थोड्या वेळाने बाईंनी पर्स उचलली. "दादा, तुम्ही मला हे सांगितलंच नाही."

"काय सांगितलं नाही?"

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "साखळीचं मी अहवालात लिहिलं तर उद्या अख्खं शहर फिती घेऊन घराबाहेर पडेल. मी लिहिणार 'मोजणीतील किरकोळ तफावत'. तुम्ही इतकी वर्षं उघडपणे इथे राहताय, कोणी हरकत घेतली नाही, तेवढ्यावर तुमचा हक्क बसवता येतो. फक्त तुमच्याकडे कागद नाही, म्हणून घरातल्या माणसाचा एक जबाब हवा. मावशी सगळ्यांना सांगतातच की, बांगड्या मोडून जागा घेतली. तेवढं त्यांनी शपथेवर सांगून सही केली की मालक तुम्ही. परवा सकाळी येते."

बाई गेल्या आणि दादा मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. सुटकेचा रस्ता सापडला होता आणि तो नेमका तिथे पुरलेल्या एका डबीवरून जात होता.

त्याचं असं झालं होतं. लग्नानंतर दोघं भाड्याच्या एका खोलीत राहत होती. घरमालक रोज सकाळी नळ बंद करायचा. एक दिवस मावशीने हातातल्या चारही बांगड्या काढून दादांच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, "या मोडा, पण स्वतःची जागा घ्या." दादा बांगड्या घेऊन निघाले आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आले. "घेतली जागा," ते म्हणाले. जागा होतीच, बारा फुटांची, फुकटची. बांगड्या त्यांनी पत्र्याच्या डबीत घालून अंगणात पुरल्या. वर्षभरात सांगून तिला चकित करू, असं त्यांनी ठरवलं होतं. तेव्हा लेक पोटात होती. मग बाळंतपण आलं, मग लेकीची आजारपणं आली, मग इतकी वर्षं झाली की सांगितलं तर लबाडीच दिसली असती. आणि लपवायला जागा कुठली शोधली? धुण्याच्या दगडाखाली! घरातली बाई रोज तासभर जिथे उभी असते, नेमकी तीच जागा या गृहस्थांना सुरक्षित वाटली. साखळी ओढणाऱ्याला अंतर कळतं, बाकी सगळा आनंद असतो.

आता ती शपथेवर खोटं बोलणार होती आणि ते खोटं आहे हे तिला माहीतही नव्हतं. खोटं बोललेलं तिला खपत नसे. वाण्याने चुकून जास्त दिलेली चिल्लर परत करायला ती दुखऱ्या गुडघ्यांनी चालत गेली होती. घर मिळवण्यासाठी तिला असं फसवायचं, हे दादांच्या मनाला पटेना. न फसवता घर कसं मिळणार, तेही सुचेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी मागच्या दारात शेंगा सोलत बसली होती. दादा पहार घेऊन आले.

"कुठे निघालात?"

"हा दगड काढतोय."

"धुण्याचा? का? उद्या चादरी धुवायच्यात मला."

दादा तिच्याकडे पाठ करून उभे राहिले, कारण तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. मग त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. तुटलेली कडी, झोपलेले साहेब, बारा फूट, पत्र्याची डबी. "बांगड्या मोडल्या नाहीत मी. इथे आहेत. तू उद्या शपथ घेऊ नकोस. घर गेलं तर जाऊ दे, आपण लेकीकडे जाऊ, काहीतरी करू. पण तू माझ्यामुळे खोटं बोलायचं नाहीस."

मागून शेंगा फुटण्याचा आवाज तेवढा येत राहिला. दादांनी पहार घातली. दगड अपेक्षेपेक्षा सहज हलला. खालून गंजलेली डबी निघाली. त्यांनी ती हलवून पाहिली, आत काहीतरी वाजलं, जीव भांड्यात पडला. झाकण उघडलं.

आत कपडे धुण्याच्या साबणाची एक वडी होती. वाळून लाकूड झालेली.

दादा डबीकडे बघत राहिले. मग त्यांनी डबी उलटी केली. मग खड्ड्यात हात घालून माती चाचपली.

"माती उकरू नका, काही नाही तिथे," मावशी म्हणाली. "वडी मीच ठेवलीय. वजनाला. तुम्ही कधीतरी हलवून बघाल म्हणून."

"तू? कधी?"

"एकवीस वर्षं झाली. दगड डुगडुगायला लागला, म्हणून शेजारच्याला सांगून उचलून घेतला, खाली खापरी घालायला. बघते तर माझ्याच बांगड्या."

"मग त्या..."

"लेकीच्या शिक्षणाला गेल्या."

दादांनी डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. ते म्हणाले, "ते पैसे तर तुझ्या भावाने दिले होते."

मावशीने शेंगांची परडी बाजूला ठेवली आणि ती हसायला लागली. पदराने डोळे पुसून पुन्हा हसायला लागली. "माझ्या भावाने? त्याने आजवर स्वतःच्या चपलेचा अंगठा शिवायला पैसे काढले नाहीत. एवढ्या फीचे पैसे आले कुठून म्हणून तुम्ही विचारलंत, मी तोंडाला येईल ते नाव घेतलं. तुम्ही लगेच त्याला खुर्ची द्यायला लागलात. मग मला मजा वाटायला लागली."

"एकवीस वर्षं मी स्टुलावर बसतोय!"

"आणि मी बेचाळीस वर्षं फुकटच्या जागेत राहतेय. हिशोब आपला आपण बघू."

"मग बांगड्या मोडून जागा घेतली, म्हणून गावभर काय सांगत फिरायचीस?"

"तुम्हाला आठवण करून देत होते! म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही आधी सांगा, मग मी सांगेन, असं ठरवलं होतं. पण तुम्ही आपले आढ्याकडे बघत बसायचे." तिने परडी पुन्हा ओढून घेतली. "एक सांगा. मोडायला गेला होतात ना तुम्ही? मग मोडल्या का नाहीत?"

दादा खड्ड्याच्या कडेला बसले.

"सोनाराच्या दारापर्यंत तीनदा गेलो. तू साबण लावून काढल्या होत्यास. निघत नव्हत्या. मनगटं लाल झाली होती तुझी. ते सारखं डोळ्यांपुढे यायला लागलं. मला नाही जमलं."

मावशीची बोटं शेंगेवर थांबली. एवढं तिला ठाऊक नव्हतं. ती थोडा वेळ आपल्या मनगटांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "तो दगड जागेवर ठेवा. चादरी धुवायच्यात." आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई आणि यंत्रवाला आले. बाईंनी फॉर्म पुढ्यात घेतला. "मावशी, शपथेवर सांगा, ही जागा तुमच्याकडे कशी आली?"

दादांनी आढ्याकडे बघायला सुरुवात केली.

"कशी आली ते काय विचारता?" मावशी म्हणाली. "यांच्याबरोबर आले आणि राहिले. बेचाळीस वर्षं मागच्या दगडावर धुणं धुतलं. लिंबू मी लावलं. लेक इथे जन्मली. एका माणसाने येऊन कधी म्हटलं नाही की बाई ऊठ, ही जागा माझी आहे. लिहा एवढं."

बाईंनी लिहिलं. "आणि ते बांगड्यांचं?"

"बांगड्या मोडल्या, हे शपथेवर सांगते. सोनार अजून जिवंत आहे, विचारून या. कशासाठी मोडल्या, असा रकाना आहे का तुमच्या फॉर्मात?"

बाईंनी फॉर्म वरून खाली पाहिला, उलटा करून पाहिला. "नाही."

"मग संपलं."

बाईंनी मावशीकडे बघितलं, मग दादांकडे, आणि लेखणी पुढे सरकवली. "मालकाचं नाव कोणाचं टाकू?"

"तिचं," दादा म्हणाले. हे त्यांनी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर बरं वाटलं.

मावशीने एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि ठसठशीत अक्षरांत सही केली. महिनाअखेरीला दोन दिवस बाकी असताना बारा फूट मोकळे झाले. पुढच्या आठवड्यात बाईंनी शेजाऱ्यांवरचा बोळाचा खटला अचानक मागे घेतला आणि त्यांच्या घरी चहाला गेल्या. शेजाऱ्यांना त्यामागचं कारण काही समजलं नाही.

सव्वादोन वर्षांनी नवी घरं झाली. तळमजला, फाटकाजवळचं पहिलं घर, एकही पायरी नाही. दाराला आकडा म्हणून तीच फूटभर कडी. धुण्याचा दगडही मावशीने चार माणसं लावून आणवला होता, आणि यंत्राने कपडे धुणारे शेजारी त्याच्याकडे बघून हसत होते.

पहिल्याच रविवारी मेहुणे नवं घर बघायला आले. आल्या आल्या सवयीने उशीच्या खुर्चीत बसायला गेले. खुर्चीत दादा होते. मेहुणे घुटमळले, खाकरले. दादांनी पाय आणखी पसरले आणि स्टुलाकडे बोट दाखवलं.

"बसा ना."

मेहुणे स्टुलावर बसले. त्यांना काय चुकलं ते कळेना. स्वयंपाकघरातून मावशीचं हसू ऐकू आलं, पण चहा काही आला नाही. दादांनी हाक मारली, "अगं, चहा?"

मावशी दारात आली. तिच्या हातात मंडळाचं पत्र होतं, वरती तिचं नाव छापलेलं. चष्मा लावून तिने ते सावकाश वाचलं आणि चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

"मालक मी. मग तुम्ही कोण? भाडेकरू, की अतिक्रमणवाले?"

दादांनी थोडा विचार केला.

"अतिक्रमणवाले," ते म्हणाले.

"कोणाच्या जागेवर?"

"तुझ्या."

"तसं लिहून द्या," असं म्हणत ती चहा टाकायला आत गेली.